निळुल्या मण्यांची पुरचुंडी

आटपाट नगर नव्हे हं, हे एक साधंसुधं, ओलंचिंब गाव होतं. नाव त्याचं ओलवण. एका बाजूला निळा निळा समुद्र, दुसऱ्या बाजूला हिरवा हिरवा डोंगर आणि मध्ये दाटीवाटीने उभ्या नारळी-पोफळी. पावसाळ्यात तर या गावाची गंमत काही विचारू नका. पापड मऊ, मिठाचं पाणी, आणि काड्यापेटीतली काडी कितीही घासली तरी रुसून बसलेली. चपलांवरसुद्धा हिरवी मखमल उगवायची. माणसं मात्र हसतमुख होती. रडून आणखी ओल कशाला वाढवायची, असं ती म्हणत.

याच गावात डोंगराच्या पायथ्याशी, एका इवल्याशा कौलारू घरात सुरंगी राहायची. तिचे बाबा लाकडाची खेळणी करत. लाल चोचीचे पोपट, पिवळे घोडे, मोरपंखी रंगाच्या बैलगाड्या, आणि बसक्या नाकाच्या गोड गोड ठक्या, म्हणजे लाकडी बाहुल्या. दिवसभर घरात खुटखुट, खुटखुट चालायची आणि सुरंगी भुशात बसून ती ऐकायची.

पण एके दिवशी एक भलामोठा ओंडका घसरला आणि बाबांच्या उजव्या हातावर पडला. घरातली खुटखुट थांबली. आई दुसऱ्यांकडे भात कांडायला जाऊ लागली. चुलीवरच्या पेजेत भात कमी आणि पाणी जास्त दिसू लागलं.

मग हात बरा करून घ्यायला बाबा दूरच्या शहरात वैद्यांकडे निघाले. जाताना त्यांनी आपली शिसवी पेटी सुरंगीच्या मांडीवर ठेवली. पेटीच्या झाकणावर बाबांनी हौसेने काचेची एक गोल टिकली बसवली होती. आत त्यांच्या लाकूड कोरायच्या पटाश्या होत्या. रुंद, अरुंद, गोल पाठीच्या. आणि सगळ्यांत छोटुकली, तांदळाच्या दाण्याएवढ्या टोकाची, ती डोळ्यांची पटाशी.

"अशी पटाशी घडवणारा लोहार आता राहिला नाही, बाय," बाबा म्हणाले. "हिला जप. ही गेली तर माझ्या बाहुल्यांना डोळे नाहीत."

"आणि माझ्या ठकीला?" सुरंगीने विचारलं. कारण बाबांनी तिच्यासाठी घडवलेल्या ठकीचं नाक झालं होतं, ओठ झाले होते, वेणीसुद्धा झाली होती. डोळे तेवढे राहिले होते.

"खंडेनवमीला मी येईन. हत्यारांची पूजा करू आणि तिचे डोळे उघडू. बाहुलीला डोळे उघडल्यावर पहिल्यांदा जे दिसतं ना, ते तिच्या डोळ्यांत कायमचं राहतं. म्हणून तू समोरच बसायचंस."

बाबा गेले. सुरंगीला त्यांची खूप खूप आठवण यायची. मग तिने एक युक्ती काढली. खंडेनवमीला बाबा हत्यारांवर फुलं वाहायचे. आपण रोजच वाहिली तर? रोज सकाळी ती परसातल्या प्राजक्ताखाली जायची, थेंबांनी चमचमणारी फुलं ओंजळीत भरायची आणि प्रत्येक पटाशीवर एकेक फूल ठेवायची. मग ओल्या बोटांनी पटाश्यांच्या मुठी कुरवाळायची आणि झाकण लावून टाकायची.

एके सकाळी तिने आदल्या दिवशीची फुलं उचलली. फुलं हातात आली, पण प्रत्येक पटाशीवर एकेक नारिंगी फूल तसंच राहिलं. तिने नखाने खरवडलं. ते निघेना. छोटुकल्या पटाशीवर तर ते नारिंगी ठिपके अगदी टोकापर्यंत पोचले होते. तो गंज होता!

सुरंगी परसात धावली आणि प्राजक्ताच्या बुंध्याशी बसून हमसून हमसून रडली. बाबांनी जपायला दिलं होतं आणि आपणच, आपल्याच हातांनी, ते बिघडवलं होतं.

"आ... आक्छी!"

सुरंगी दचकली. अळूच्या पानाखालून कुणीतरी शिंकलं होतं. तिने पान हळूच वर केलं. खाली एक बोटभर परी बसली होती! अंगात सोनेरी झगुला, डोक्यावर केशरी किरणांचा मुकुट, आणि पाठीवर चिंब भिजून चिकटलेले दोन इवलेसे पंख. ती थरथर कापत होती.

"मी उन्हुली," परी दात वाजवत म्हणाली. "उन्हाची धाकटी परी. ढगाला एक फट पडली, म्हणून प्राजक्त बघायला खाली उतरले. तेवढ्यात फट मिटली. आता पंखच उघडत नाहीत गं."

सुरंगी आपलं रडणं विसरली. तिने परीला ओंजळीत घेतलं आणि घरात चुलीशी नेलं. चुलीवरच्या दोरीला तिचा एकुलता एक कोरडा झगा वाळत होता. ओलवणात पावसाळ्यात कोरडा झगा म्हणजे केवढी श्रीमंती! तिने तो काढला, परीला त्यात गुंडाळलं, आणि स्वतः ओल्याच झग्यात कुडकुडत बसली.

हळूहळू झग्याच्या घड्यांतून पिवळा उजेड पाझरू लागला. उन्हुलीचे पंख फुलले, चमचमले, आणि सगळं स्वयंपाकघर सोनेरी झालं.

"सुरंगे, माझ्या सोनुल्या," परी म्हणाली, "माग काय हवं ते. पण एकच मागायचं हं, आणि जे मिळेल त्याचे नियम पाळायचे. सोन्याच्या पटाश्या देऊ?"

सुरंगीने पेटीकडे पाहिलं. पटाश्यांच्या मुठींवर बाबांच्या अंगठ्याने खळगे पडले होते.

"नको," ती म्हणाली. "बाबांच्या हाताला ह्यांचीच सवय आहे. बाबा येईपर्यंत ह्याच नीट राहू देत."

उन्हुलीने मान डोलावली. "गंजाने खाल्लेलं परत आणणं मलाही जमत नाही. पण वेळ गेलेली नाही, तो नुसता वरवर बसलाय. राखेने घास, कोरड्या फडक्याने पूस, तेलाचं बोट फिरव. आणि मग हे घे."

तिने टाळी वाजवली. हवेतून टपटप टपटप निळे निळे मणी पडले, मोहरीएवढे, आकाशाच्या तुकड्यांसारखे लखलखीत. परीने त्यांची पातळ मलमलीत पुरचुंडी बांधली.

"हे उन्हाचे कण आहेत. यांना सदा तहान लागलेली असते. पेटीतली सगळी ओल हे गुटुगुटू पिऊन टाकतील. पोट भरलं की गुलाबी होतील. मग त्यांना काढून खापरावर टाकायचं आणि निखाऱ्यांची मंद ऊब द्यायची. पुन्हा निळे झाले की परत पेटीत. ते खायचे नाहीत बरं का! ते तुझ्या तोंडातलंही पाणी पितील."

"आणि?"

"आणि खरा कठीण नियम. पेटी उघडायची नाही. मणी बदलायला उघडशील तेवढीच, तीही झटकन. लाडाने नाही, आठवण आली म्हणूनसुद्धा नाही. झाकण उघडलं की ओल्या हवेला वाटतं, चला, आपल्यालाच बोलावलंय. बघायचं झालं तर काचेच्या टिकलीतून बघ."

तेवढ्यात ढगाला पुन्हा फट पडली. उन्हुली उन्हाच्या तिरिपेवर चढली आणि भुर्रकन वर गेली.

सुरंगीने पटाश्या घासल्या, पुसल्या, तेल लावलं. पुरचुंडी काचेच्या टिकलीखाली ठेवली आणि झाकण गच्च बसवलं. मणी गुलाबी झाले की आईच्या भाकऱ्या आटपल्यावर ती उरलेल्या निखाऱ्यांवर खापर ठेवायची. बघता बघता गुलाबीचे जांभळे, जांभळ्याचे निळे. मोठी मौज वाटायची! पण पेटी न उघडणं... बाई गं, ते फार अवघड होतं. बाबांच्या मुठींवर हात फिरवावासा वाटला की ती आपले हात पाठीमागे धरून बसायची.

एक दिवस शेजारची येसूआजी ओसरीवर येऊन टेकली. ती गावभरच्या गोधड्या शिवायची.

"सुया सगळ्या गंजल्या गो माझ्या," ती डोळे पुसत म्हणाली. "कापडात शिरत नाहीत, शिरल्या तर डाग पाडतात. सूनबाईचं बाळंतपण आज-उद्यावर आलं आहे. आणि बाळाला गुंडाळायला घरात ऊबदार चिंधीसुद्धा नाही."

सुरंगीने आत खापरावर नुकत्याच निळ्या झालेल्या मण्यांकडे पाहिलं. खोटं कशाला सांगू, तिच्या मनात आलं होतं की गप्प बसावं. मणी होतेच किती? एक मूठभर! पण ओलवणातली गार हवा तिला ठाऊक होती, आणि बाळ तर केवढंसं असतं. तिने अर्धे मणी आजीच्या पदरात ओतले आणि सगळे नियम सांगितले. दोघींनी बसून सुया राखेने घासल्या.

आता पेटीत अर्धेच मणी राहिले. ते पटकन पिऊन पटकन गुलाबी व्हायचे. सुरंगीला पुन्हा पुन्हा निखारे फुलवावे लागायचे. फुंकणीने फुंकून फुंकून तिचे गाल दुखायचे आणि धुराने डोळे लालेलाल व्हायचे.

आणि मग झड लागली. दिवस नाही, रात्र नाही, नुसता पाऊस. लाकडं भिजली. कौल फुटलं, धार थेट चुलीत पडली आणि चूल विझून गेली. आईने फुंकलं, सुरंगीने फुंकलं. चूल काही पेटेना!

काचेच्या टिकलीखाली सगळे मणी गुलाबी झाले होते. एकही निळा उरला नव्हता. सुरंगी तशीच बसून बघत राहिली आणि टिकलीवर आतून एक बारीकसं धुकं आलं.  आत छोटुकली पटाशी कशी असेल? एकदाच उघडून बघू? एकदाच? तिचे हात झाकणावर गेले. मग तिने ते मागे घेतले, बाहेरून पेटीला घट्ट मिठी मारली आणि म्हणाली, "बाबा, मी बघत नाही हं. मी बघत नाही."

"अगो सुरंगी, दार उघड!"

दारात इरल्याखाली येसूआजी उभी होती. एका हातात निखाऱ्यांचं मडकं, काखेत जळणाला कोरड्या शेण्या, आणि कनवटीला खोचलेली पुरचुंडी. पुरचुंडीतले मणी निळे निळे होते.

"नातू झाला गो मला! दुपटं वेळेवर पुरं झालं, त्यात गुरगुटून झोपलाय. गावातल्या साऱ्या चुलींतून धूर दिसतोय, तुमच्याच नाही. म्हटलं, पोरीचे मणी गुलाबी होऊन बसले असणार. हे घे तुझे. तू सांगितलंस तसे रोज ऊब देऊन ठेवलेत. सुयांना ह्यातले चार पुरतील मला."

सुरंगीला रडूच आलं, पण ते आनंदाचं होतं. झटकन झाकण उघडलं, गुलाबी मणी बाहेर, निळे मणी आत, झाकण बंद. तिने पटाश्यांकडे मुद्दामच पाहिलं नाही. आजीच्या निखाऱ्यांवर चूलही पेटली आणि खापरही तापलं. टिकलीवरचं धुकं हळूहळू नाहीसं झालं.

खंडेनवमीच्या सकाळी आकाश धुतल्यासारखं स्वच्छ होतं. वाटेवरून बाबा आले! हात थोडा बारीक झाला होता, पण पाचही बोटं हलत होती. त्यांनी आधी सुरंगीला उचललं, मग पाटावर बसले आणि म्हणाले, "आण बाय पेटी."

सुरंगी आईच्या मागे लपली. आत काय असेल ते तिलाही ठाऊक नव्हतं.

झाकण उघडलं. आणि कौलाच्या फटीतून आलेली तिरीप पटाश्यांवर पडून सगळ्या घरभर उडाली! भिंतीवर, आढ्यावर, आईच्या नथीवर सोनेरी कवडसे नाचू लागले. छोटुकली पटाशी तर ताऱ्यासारखी लुकलुकत होती. रुंद पटाशीवर फुलाची एक पुसट, अगदी पुसट सावली तेवढी राहिली होती.

"हे काय गं?" बाबांनी विचारलं.

"मी... मी रोज फुलं वाहत होते," सुरंगी खालमानेने म्हणाली. "तुमची आठवण यायची म्हणून."

 बाबांनी त्या पुसट फुलावर अंगठा फिरवला आणि त्यांचे डोळे भरून आले. "हे राहू दे हं," ते म्हणाले. "हे मी कधी घासून काढणार नाही."

पूजा झाली. सुरंगीने लगेच कोरडं फडकं पुढे केलं, आणि बाबा हसत हसत सगळं पुसू लागले. मग त्यांनी ठकीला मांडीवर घेतलं. छोटुकली पटाशी उचलली. आणि सुरंगीला दिसलं, पटाशीच्या चमकत्या पात्यावर उन्हुली बसली होती!

"मणी तुझेच," ती कानाशी कुजबुजली. "देशील तेवढे वाढतील. ओलवणात आता गंजाला थारा नाही."

"थांब ना," सुरंगी म्हणाली. "ठकीला बघू दे तुला."

"छे गं, वेडुली! मी बाजूला होते. तिने आधी तुला बघायला हवं." उन्हुलीने तिच्या गालाला ऊबदार पापा दिला, झगुला पसरला आणि हसत हसत त्या उजेडातच विरघळून गेली.

घरात कितीतरी दिवसांनी पुन्हा खुटखुट झाली. खुटखुट, खुटखुट. बाबांनी भुसा फुंकला आणि ठकीने डोळे उघडले. काळेभोर, टपोरे डोळे. आणि तुम्ही अगदी जवळ जाऊन पाहिलंत ना, तर त्या डोळ्यांत आजही एक मुलगी दिसते, समोरच बसलेली, धुराने अजून लालसर डोळ्यांची, आणि आनंदाने हसणारी.