उतारावर डबलसीट

“आठ आठवडे झाले, चाचा. माझ्यात अजून काय कमी आहे, ते एकदा सांगून टाका.”

ओट्यावर बसून इब्राहिमचाचा एका लहान हेल्मेटचा पट्टा ओढून बघत होते.

केतकी धुरी कमरेवर हात ठेवून समोर उभी होती. मोटरसायकलच्या शर्यतींत तिने तीनदा राज्याचं विजेतेपद पटकावलं होतं. कुणापुढे मान खाली घालायची तिला सवय नव्हती.

कोकणातल्या या उघड्या सड्यावर, कातळाच्या माळावर, म्हातारे चाचा लहान मुलांना एटीव्ही चालवायला शिकवत. एटीव्ही म्हणजे जाड चाकांची चारचाकी मोटरसायकल, एकट्याने बसायची. बारा वर्षांत त्यांच्या हाताखालच्या एकाही मुलाला टाका पडला नव्हता. म्हणून तर केतकी इथे, त्यांनी सरावाला दिलेल्या आठ मुलांवर, शिकवायला शिकत होती. चाचांनी हो म्हटलं की सोमवारपासूनचा नवा वर्ग तिचा.

“माझी मुलं बघा तरी,” ती म्हणाली. “थांब म्हटलं की जागच्या जागी थांबतात. एक पोरगी सोडली, तर कुणी उलटून बोलत नाही.”

“कोण ती?”

“पूर्वी. नऊ वर्षांची आहे. हेल्मेट कशाला, बूट कशाला, वळणावर अंग आत का झुकवायचं... नुसतं डोकं उठवते.”

“हं... चल, बघू.”

आठ मुलं आपापल्या छोट्या गाड्यांशेजारी रांगेत उभी होती. हेल्मेट, हातमोजे, घोट्यावरचे बूट. प्रत्येकाच्या मनगटाला गाडीची लाल दोरी बांधलेली. मूल पडलं की दोरी सुटणार आणि इंजिन बंद होणार. केतकीने सगळ्यांवरून नजर फिरवली. कुठेच खोट नव्हती.

चाचांनी सड्याच्या कडेकडे बोट दाखवलं. तिथून जांभ्या दगडाचा उतार थेट खाली जुन्या चिरेखाणीत जात होता.

“दोघं दोघं एका गाडीवर बसा,” ते म्हणाले, “आणि त्या उतारावरून खाली जाऊन या.”

एका गाडीवर एकच, हा पहिल्या दिवसाचा पहिला नियम. त्या उतारावरून ती स्वतःसुद्धा जपूनच उतरली असती.

तिने चाचांकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नव्हती. असेल काहीतरी त्यांच्या मनात, तिने स्वतःला सांगितलं. इतकी वर्षं शिकवलेला माणूस आहे.

मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. मग केतकीकडे.

ती गप्प राहिली...

मुलं दोघं दोघं बसू लागली.

“मी नाही बसणार.”

रांगेतून पूर्वी म्हणाली.

“का?” चाचांनी विचारलं.

“दोघं बसलं की उतारावर गाडी उलटते. ताईनेच सांगितलंय.”

“मी तुझ्या ताईचा गुरू आहे.”

“असाल. तरी उलटेल.”

“पूर्वी!” केतकीचा आवाज चढला. “चाचा सांगतायत ना? मग बस मुकाट्याने!”

पूर्वीचे ओठ थरथरले. डोळे भरून आले. पण ती गाडीवर चढली नाही. तिथेच खाली, तापलेल्या कातळावर तिने मांडी घातली.

“राहू दे तिला,” चाचा म्हणाले. “बाकीचे निघा.”

पुढच्या मुलाने बटण दाबलं. काही झालं नाही. दुसऱ्याने दाबलं, तिसऱ्याने दाबलं. एकही इंजिन बोललं नाही.

चाचांनी खिशात हात घातला. इंजिनं पेटवणारे, सकाळीच काढून ठेवलेले प्लग बाहेर काढले आणि एकेक करून केतकीच्या पुढ्यात दगडावर ठेवले. आठच्या आठ.

मुलं हळूच खाली उतरली. कुणी हसलं नाही. चाचांनी त्यांना पाणी प्यायला शेडकडे पिटाळलं. पूर्वी मात्र उठली नाही.

केतकीचा चेहरा लाल झाला होता.

“ही फसवणूक आहे! आठ आठवडे मला तुम्हीच सांगत आलात, मी म्हणतो तसं कर. मी केलं. मुलांनी माझं ऐकलं. आणि आता मुलांसमोर माझी अशी...”

“बरोबर आहे तुझं,” चाचा शांतपणे म्हणाले. “चूक त्या पोरीची आहे. चारचौघांत उलटून बोलते. तिचं बघून बाकीचीही बोलायला लागतील. आजच घरी पाठव तिला.”

केतकीने पूर्वीकडे पाहिलं. डोक्यावर हेल्मेट तसंच, गाल ओले, मांडी मोडलेली नाही...

“नाही,” केतकी म्हणाली.

“मी सांगतोय.”

“सांगा. ती जाणार नाही.”

“मग सोमवारचा वर्ग विसर.”

“विसरले!” तिचा आवाज कापत होता, पण ती थांबली नाही. “एकोणीस वर्षांची होते मी. ट्रॅकवर ऑइल सांडलं होतं. मला दिसत होतं. कोच म्हणाले, जा. मी गेले. या मनगटात अजून सळई आहे, चाचा. तेव्हा मला तोंड नव्हतं. हिला आहे. आणि मघाशी मीच ते बंद करायला निघाले होते.”

केतकी तरातरा चालत गेली आणि पूर्वीसमोर उकिडवी बसली.

“माझं चुकलं. तू बरोबर होतीस.”

“मग ओरडलीस कशाला?”

“घाबरले होते... चाचांना.”

पूर्वीने थोडा विचार केला. “मीपण घाबरले होते,” ती म्हणाली.

केतकीने तिला हात देऊन उठवलं, शेडकडे पाठवलं आणि आपली बॅग उचलली. निरोप घ्यायलाही ती थांबणार नव्हती.

चाचा एका गाडीपाशी वाकून प्लग परत बसवत होते. मान वर न करता ते म्हणाले,

“सोमवारी आठ नवी पोरं येतायत. ऊन चढायच्या आधी ये.”

केतकीचा पाय अडखळला.

“आणि ‘चाचा सांगतायत ना’ असं म्हणून त्यांना काही शिकवू नकोस.”