तात्पुरती कमतरता

"यात चूक काय आहे, मॅडम?" ओजसनं विचारलं.

सोलापुरातल्या एका बालरुग्णालयातली गोष्ट. फायलीवर आजाराचं नाव आणि त्याचा ठरलेला क्रमांक लिहायचं काम या नव्या डॉक्टरकडे होतं. शेकडो क्रमांक त्याला तोंडपाठ होते, आणि ते तो इतरांना विसरू देत नसे.

हिरेमठबाई तिथल्या सगळ्यात जुन्या डॉक्टर. त्यांनी फाईल त्याच्यापुढं सरकवली.

'तान्ह्या बाळातली अँटिबॉडींची तात्पुरती कमतरता.' शेजारी क्रमांक.

"कमतरता भरून निघाली?"

"अजून नाही."

"मग तात्पुरती कशावरून?"

"बहुतेक बाळांची भरून निघते. दोन-तीन वर्षांत."

"या बाळाची?"

"मग कायमची लिहू?" तो चिडूनच म्हणाला.

"ते तुला कुणी सांगितलं?"

"म्हणजे हा क्रमांक बाळ बरं झाल्यावरच लिहायचा?"

"हो."

"तेव्हा त्याचा उपयोग काय?"

"एकदा दुसऱ्या एका बाळाच्या फायलीवर मी तो आधीच लिहिला होता. 'तात्पुरती' वाचून पुढं कुणी रक्त तपासलं नाही. मीही नाही."

"मग...?"

दार उघडून बाईंनी बाळाच्या आईला आत घेतलं आणि ओजसला म्हणाल्या, "सांग हिला."

शिवलीला बाळाला खांद्यावर घेऊन उभी राहिली. "तिसऱ्यांदा न्यूमोनिया झाला. काय निघालं वो, डॉक्टर?"

ओजसच्या तोंडाशी क्रमांक आला. तो त्यानं गिळला.

"रोगाशी लढायची ताकद याच्या रक्तात कमी आहे," तो हळू म्हणाला. "बहुतेक वाढेल. पण नक्की आज सांगता येत नाही. तीन महिन्यांनी रक्त पुन्हा तपासू. मधे ताप आला तर थांबू नका, लगेच या."

"म्हंजे तुमालाबी ठाव न्हाई."

"नाही."

तिनं बाळाचं टोपरं सारखं केलं.

"आजवर समदे 'काय न्हाई, हुईल बरं' म्हणून धाडायचे. तारीख लिवून द्या. येते मी."

ती गेली. ओजसनं आधीची ओळ खोडली. खाली लिहिलं : अँटिबॉडी कमी, कारण अनिश्चित, तीन महिन्यांनी फेरतपासणी. त्याचाही एक क्रमांक होता, तो टाकला. मग त्या ओळीकडं बघत बसला.

"अर्धवट वाटतंय, मॅडम."

बाईंनी खाली सही केली.

"बाळही अजून आठ महिन्यांचंच आहे, ओजस."