सहा हजार शब्द

“पण का नाही चालू करायची?”

परागनं हे तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा हबीबचाचांनी हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.

“कारण ती आता एकदाच चालणार आहे.”

“हे तुम्हाला कसं कळलं?”

“ऐकून.”

पराग हसला. टेबलावरच्या त्या जुन्या हार्ड डिस्ककडे बघून हसला, की चाचांकडे बघून, ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

परतवाड्याच्या बाजारात हबीबचाचांचं दुकान. आधी रेडिओ दुरुस्त केले, मग टीव्ही, आणि गेली वीस वर्षं लोकांनी अडगळीत टाकलेले कॉम्प्युटर. वय एकाहत्तर. बोलणं कमी.

पराग खारोडे छत्तीस वर्षांचा. पुण्यात नऊ वर्षं मोठ्या कंपनीत होता. कंपनीनं त्याचा विभागच बंद केला, तेव्हा तो गावी परतला. “चाचा, मला शिकवा,” असं तोंडानं म्हणाला. मनात होतं, या म्हाताऱ्याला दोन गोष्टी आपणच शिकवू.

चार महिन्यांत त्यानं एक पॉवर सप्लाय जाळला, एका प्रोसेसरच्या पिना वाकवल्या, आणि एक चांगला मॉनिटर टेबलावरून पाडला. दर वेळी चूक त्या वस्तूची निघायची.

चाचा दर वेळी केर भरायचे, आणि पुढचं काम त्याच्यासमोर ठेवायचे.

ही डिस्क मात्र त्यांनी स्वतःकडेच ठेवली होती.

ती मोतीराम गावंडे गुरुजींची. गुरुजींनी तीस वर्षं डोंगरातल्या शाळेत काढली. तिथल्या आठ-दहा पाड्यांची एक बोली होती. तिला लिपी नव्हती, पुस्तक नव्हतं. गुरुजी म्हाताऱ्या माणसांजवळ बसायचे, एकेक शब्द विचारायचे, त्याचा अर्थ लिहून घ्यायचे. निवृत्तीनंतर सोळा वर्षं ते सगळं त्यांनी कॉम्प्युटरवर उतरवलं.

सहा हजार शब्द.

सांगणारी माणसं एकेक करून गेली. त्यांची नातवंडं आता वेगळंच बोलतात. वह्यांना वाळवी लागली, म्हणून घरच्यांनी त्या बंबात घातल्या. कशाला ठेवायच्या, सगळं मशीनमध्ये आहे...

मग काचबिंदूनं गुरुजींचे डोळे गेले. आणि मशीन टकटक वाजायला लागलं.

चाचांनी डिस्कला कान लावला होता. क्षणभरच. लगेच वायर ओढून काढली.

“वाचणारी सुई गेली हिची. अशीच, याच जोडीची डिस्क मिळाली, तर तिची सुई काढून हिच्यात घालू. मग एकदा चालवू. एकदाच.”

सोळा दिवस ते भंगारवाल्यांना फोन करत होते. अमरावती, अकोला, बऱ्हाणपूर. सतराव्या दिवशी नागपुरातून निरोप आला. चाचा सकाळच्या बसनं निघाले.

“हात लावू नको.”

“बरं.”

अकरा वाजेपर्यंत परागनं हात लावला नाही.

पुण्यात असल्या डिस्क त्यानं शेकड्यानं बघितल्या होत्या. सुई, जोडी, कान लावणं... हे काय नाडी बघणं आहे? त्यानं वायर जोडली.

डिस्क फिरली. पडद्यावर फोल्डर दिसलं. नाव होतं ‘शब्द’.

परागचा ऊर भरून आला. चाचा नागपूरहून येतील, दमलेले असतील, आणि आपण काही न बोलता सगळं त्यांच्यापुढे ठेवू. त्यानं सगळी डिस्क दुकानातल्या कॉम्प्युटरवर उतरवायला लावली. हिरवी पट्टी मुंगीच्या पावलानं सरकू लागली.

मग आवाज आला. पितळी भांड्यावर तार घासावी तसा.

पट्टी थांबली.

त्यानं डिस्क बंद केली. इथे थांबायचं होतं. हे त्याला तेव्हाही कळत होतं... पण इथे थांबलं तर चूक आपली ठरत होती. पुढच्या वेळी चालली असती, तर ठरली नसती.

त्यानं पुन्हा चालू केली. पुन्हा तोच आवाज. पुन्हा बंद. पुन्हा चालू.

चौथ्या वेळी आवाज आलाच नाही. डिस्क नुसती फिरत राहिली, गुळगुळीत, जणू तिला काही झालंच नव्हतं. पडद्यावर मात्र ‘शब्द’ फोल्डर आलं नाही.

चाचा दिवेलागणीला आले. पिशवीतून कापडात गुंडाळलेली डिस्क काढली. तीच जोडी, तेच वर्ष. ती टेबलावर ठेवताना त्यांनी परागचं तोंड बघितलं.

“किती वेळा?”

“एकदा.”

चाचा खुर्ची ओढून बसले.

“...चार वेळा.”

चाचांनी मान हलवली. नागपूरची डिस्क त्यांनी पुन्हा कापडात गुंडाळली. सावकाश, चारी टोकं दुमडून.

तरीही दोन दिवस ते खपले. सुई बदलून पाहिली, हलक्या हातानं, श्वास धरून. काही उपयोग झाला नाही. शेवटी त्यांनी आतली तबकडी काढून खिडकीच्या उजेडात धरली. चकचकीत पृष्ठभागावर एक राखाडी कडं उमटलं होतं. कडेला काळी भुकटी.

“हे काय आहे?” परागनं विचारलं. त्याला माहीत होतं.

“शब्द,” चाचा म्हणाले.

त्या पहिल्या खेपेला थोडं उतरलं होतं. परागनं ते उघडून बघितलं. गुरुजी गावातल्या लोकांना लग्नपत्रिका टाइप करून देत. तेवढ्या वाचल्या होत्या. एकशे बारा लग्नपत्रिका.

गुरुजी शुक्रवारी येणार होते. गुरुवारी दुपारी पराग म्हणाला, “चाचा... डिस्क आली तेव्हाच गेलेली होती, असं म्हणू या. त्यांना काय फरक पडतो? गेलं ते गेलंच.”

“म्हण.”

“तुम्ही काही बोलणार नाही ना?”

“मी कायले बोलू?”

परागला वाटलं होतं, चाचा रागावतील. ते रागावले असते, तर बरं झालं असतं.

शुक्रवारी रिक्षावाल्यानं गुरुजींचा हात धरून त्यांना आत आणलं. धुतलेला सदरा, बोटांनी वाट चाचपत चालणं. खुर्चीवर बसले आणि आवाजाच्या दिशेनं चेहरा वळवला.

“हबीबभाई?”

“आहे, गुरुजी. हा पराग. यानंच पाहिलं काम.”

परागनं घसा साफ केला. “गुरुजी, डिस्क आली तेव्हाच...”

“नाही वाचलं?”

“...नाही.”

गुरुजींनी दोन्ही हात पुढे केले आणि हवेत शोधत परागचे हात धरले. “तुम्ही एवढे दिवस झटलात, बापू. अनोळखी माणसासाठी कोण एवढं करतं?” आणि ते हात त्यांनी आपल्या कपाळाला लावले.

परागला ते सोडवून घेता येईनात.

“माझ्याकडून गेलं,” तो म्हणाला. “चाचा नको म्हणाले होते. मी चालू केली. आवाज आला, तरी पुन्हा केली. चार वेळा केली. तीनदा तर नुसता माझा शहाणपणा वाचवायला... गुरुजी, ते वाचलं असतं.”

बाहेर कुणीतरी स्कूटरला किक मारत होतं, ती सुरू होत नव्हती.

गुरुजींनी हात सोडले. चिडून नाही. धरायचं विसरल्यासारखे सोडले.

“पहाटे मोहाची फुलं पडतात,” ते म्हणाले. “खाली वाळक्या पानांवर. त्या आवाजाला पाड्यांवरच्या बोलीत एक शब्द होता.”

“काय होता?”

गुरुजींचे ओठ हलले. एकदा, दोनदा. भुवया आक्रसल्या.

“...मशीनमध्ये होता,” ते म्हणाले.

मग ते उठले. चाचांनी त्यांना रिक्षापर्यंत पोचवलं. परागला उठवलं नाही.

चाचा परत आले, तेव्हा तो तसाच बसला होता.

“मला हाकला, चाचा.”

“तुले हाकलून काय येईल परत?”

“काहीच नाही.”

“मग?”

“मग मी काय करू? तुम्ही सांगाल ते करतो. काहीही. पण यातून सुटायचं कसं, ते सांगा.”

“सुटायचं काहून?” चाचा म्हणाले, आणि दिवा मालवून घरी गेले.

त्या रविवारी पराग गुरुजींच्या गावी गेला. वही घेऊन. गुरुजींनी त्याला आत बोलावलं. पाणी दिलं. क्षमा केली की नाही, ते बोलले नाहीत, आणि त्यालाही विचारायचं धाडस झालं नाही. तो म्हणाला, “जे आठवेल, ते सांगा.” गुरुजी आठवून सांगायला लागले.

पुढच्या रविवारी तो पुन्हा गेला. मग दर रविवारी. गुरुजींबरोबर दोनदा डोंगरातही जाऊन आला. तिथे एक म्हातारी भेटली. तिला ती बोली येत होती, पण ऐकू येत नव्हतं. गुरुजी ओरडून ओरडून विचारत राहिले. तिनं त्यांच्या तोंडावरून हात फिरवला, आणि भाकरी पुढे केली.

पावसाळा सरला. दिवाळीही गेली. परागचं दुकानातलं काम आता शांत झालं होतं. कुठलंही मशीन चालू करण्याआधी तो बराच वेळ नुसता त्याच्यासमोर बसायचा. गिऱ्हाइकं कंटाळायची.

माघातल्या एका दुपारी त्यानं ती वही चाचांपुढे ठेवली.

“किती झाले?” चाचांनी विचारलं.

“एकशे एकोणनव्वद. त्यातले तीसेक त्यांना खात्रीनं सांगता येत नाहीत.” तो थांबला. “आणि गेले तीन रविवार ते तेच तेच शब्द सांगतात. मी लिहिल्यासारखं करतो. त्यांना दिसत नाही.”

चाचा पानं उलटत होते.

प्रत्येक पानावर दोन रकाने आखले होते. डावीकडे शब्द, उजवीकडे अर्थ. सुरुवातीची पानं भरलेली होती. पुढे डावा रकाना विरळ होत गेला होता. उजवीकडे अर्थ लिहिलेले होते, बारीक, नेटके. सासरी पहिल्यांदा रडणं. विहिरीत दिसणारं स्वतःचं तोंड. म्हाताऱ्या बैलाला सोडून देताना त्याच्या कानात सांगतात ते.

आणि त्यांच्यासमोर काही नाही. पानामागून पान.

“अर्थ त्यांना आठवतात,” पराग म्हणाला. “शब्द आठवत नाही. मग ते रडतात. अर्थ सांगू नका म्हटलं, तरी सांगतात.”

चाचा वाचत राहिले.

“ही पानं फाडून टाकतो, चाचा. नुसत्या अर्थाचं कुणी काय करणार? एकशे एकोणनव्वद शब्दांची स्वच्छ वही करतो, तीच त्यांच्या हातात देतो. निदान ती तरी पुरी वाटेल.”

चाचांनी चष्मा काढला. सदऱ्याच्या टोकानं पुसला, पुन्हा लावला. शेवटच्या पानावर त्यांचं बोट थांबलं. तिथे परागनं डावा रकाना अगदी चिंचोळा आखला होता, कडेला दाबून. जागा वाया जाऊ नये म्हणून.

बराच वेळ ते बोट तिथेच होतं.

मग त्यांनी खणातून लाकडी पट्टी काढली, वहीवर ठेवली, आणि वही त्याच्याकडे सरकवली.

“हा रकाना लहान झाला. मोठा आख.”