वाकड्या पट्ट्याची घोंगडी

फार फार मागची गोष्ट. तेव्हा थंडी आजच्यापेक्षा बोचरी होती, आणि मेंढ्या मनातलं तोंडावर बोलून दाखवत असत.

एका डोंगराच्या पायथ्याशी एक सणगर राहत होता. सणगर म्हणजे घोंगड्या विणणारा. हात असा, की त्याची घोंगडी पांघरून भर पावसात उभं राहावं आणि आतला सदरा कोरडा असावा. लोक लांबून येत, घोंगडी घेत, दुवा देत निघून जात. सगळं बरं चाललं होतं.

मग एकदा त्या वाटेनं राणीची स्वारी गेली. राणीनं एक घोंगडी हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाली, "हिच्यात खोड काढायला जागाच नाही."

झालं! माणूस तिथंच बसला. निंदा झाली तर आपण चार दिवस जेवत नाही, मग जेवायला लागतो. पण कौतुक नको त्या जागी लागलं, की उठता उठवत नाही.

त्या दिवसापासून सणगराला जिकडेतिकडे खोड दिसू लागली. धागा इथं जाड, तिथं बारीक. काळ्या घोंगडीतला पांढरा पट्टा केसभर वर. सकाळी विणायचा, दिवस कलला की उसवायचा. भाकरीची कड बघून सुस्कारा टाकायचा. पाहुणा आला तर त्याचं पागोटं नीट करायला उठायचा. हळूहळू पाहुणे येईनासे झाले.

आता तुम्ही म्हणाल, अशी माणसं असतात का? अहो, दुकानदाराला विचारा! एक बाई भाचीच्या बारशाला अंगडं घ्यायला आली. सगळं दुकान उलटं केलं, तिला शिवणच पसंत पडेना. आज नको, उद्या येते, परवा येते. शेवटी एक पसंत पडलं, तोवर भाची अंगणात पळायला लागली होती. अंगडं बाहुलीला घातलं.

तर सणगराकडे वळू. त्याला एकच लेक. उन्हाळ्यात तिचं लग्न झालं, पण ती अजून माहेरीच होती. कारण त्या मुलखाची रीत अशी, की सणगराच्या लेकीनं बापाच्या हातची घोंगडी खांद्यावर घेऊनच सासरी जायचं. ती मिळेपर्यंत उंबरा ओलांडायचा नाही. दुसरी रीत त्याहून कडक. मागावरची घोंगडी ज्यानं विणली त्यानंच कापून काढायची. दुसऱ्यानं कातर लावली तर विणणाऱ्याचा हात मोडतो, असं म्हणत.

आणि हा बाबा काही कापत नव्हता.

जावई धनगराचा पोर. मेंढरांमागं फिरणारा. थंडीच्या तोंडावर तो सासऱ्याच्या दारात येऊन उभा राहिला.

"मामा, झाली का घोंगडी?"

"पट्टा जरा वाकडा गेलाय रे. थांब की थोडं."

"मी थांबेन, मेंढरं थांबायची नाहीत. उद्या आमचा तळ हलतोय. घाटापलीकडं गेलो की पुढच्या उन्हाळ्यालाच परत."

"मग पुढच्या उन्हाळ्याला ने तिला. पण लेकीला देईन तर अशी देईन, की राणीनं मान वळवून बघावं."

लेक ओसरीवर चिंचोके कुटत होती. लोकरीच्या धाग्याला खळ द्यायला चिंचोके लागतात. तिचा हात थांबला. बापानं ते पाहिलं नाही. तो पट्टा बघत होता.

अंगणात एक म्हातारी मेंढी रवंथ करत बसली होती. ती म्हणाली, "सणगरा, ती लोकर माझी आहे बरं का. उसवून उसवून निम्मी उडवलीस. आणखी एकदा उसवलीस तर पोरीला काय पांघरायला देशील, राणीचं बोलणं?"

"तुला गं काय कळतं विणकामातलं?"

"काही नाही. माझ्या अंगावर एक केस इकडं जातो, एक तिकडं. शेपटीशी तर नुसत्या गुठळ्या. पण मी कधी कुडकुडले नाही. माझं विणकाम एवढंच."

सणगरानं तिच्याकडे पाठ केली आणि उसवायला पट्ट्याचा धागा शोधू लागला. तेवढ्यात अंधार पडला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच माळावरून मेंढरांच्या गळ्यातल्या घंटा ऐकू येऊ लागल्या. तळ हलला होता. लेक उठली. भिंतीवर लोकर कातरायची मोठी कातर टांगली होती, ती घेऊन मागापाशी आली.

"आबा, बाजूला व्हा."

"ए, हात लावू नकोस! विणणाऱ्याशिवाय कुणी कापायची नसते."

"विणणाऱ्यानं कापायची असते, हीसुद्धा रीतच आहे. ती कुणी मोडली?"

"अगं, पट्टा वाकडा आहे. सासरचे हसतील!"

"हसू देत. मी उबेत बसून ऐकेन."

"लोक मला नावं ठेवतील."

"तुमचं नाव सरळ राहावं म्हणून मी इथं कोनाड्यात बसू? पोरगी उभी आहे, आबा, तिच्याकडे बघा. पट्ट्याकडे पुष्कळ बघून झालं."

सणगरानं मदतीसाठी बायकोकडे पाहिलं. ती चुलीपाशी उभी होती. ती एवढंच म्हणाली, "चालव गं कातर."

कातर चालली. घोंगडी मागावरून सुटली. कडेचे धागे लोंबत होते, पट्टा वाकडाच होता. पोरीनं ती खांद्यावर टाकली, आईबापाच्या पाया पडली आणि घंटांच्या आवाजामागं चालू लागली.

तळावरच्या बायका हसल्याच. सासू सगळ्यांत मोठ्यानं हसली.

"अगं बया! हा पट्टा आहे की पाऊलवाट?"

"पाऊलवाटच, आत्याबाई. तिच्यावरूनच तर आले."

भर घाटात दुपारी आभाळ भरलं. वारा सुटला, गारांचा मारा सुरू झाला. सासूनं आपली घोंगडी नव्या कोकरांवर टाकली होती. ती थडथड कापत खडकाच्या आडोशाला आली. सुनेनं घोंगडीची एक बाजू उचलली. सासू आत शिरली.

बऱ्याच वेळानं आतून आवाज आला, "काय गं, तो वाकडा पट्टा कुठं गेला?"

"तुमच्याच पाठीवर आहे, आत्याबाई."

"असू दे," सासू म्हणाली, "आणखी थोडा इकडं ओढ."

इकडे सणगर रिकाम्या मागापुढं बसून होता. हात मोडायची वाट बघत होता. हात काही मोडला नाही. काही दिवसांनी घाटावरून उतरलेल्या एका वाटसरूनं जावयाचा निरोप आणला: "मामा, तुमची घोंगडी माझ्या आईनं बळकावली आहे. सोडायला तयार नाही. तुमची लेक कुडकुडते. वाकडी तर वाकडी, पण दुसरी लवकर पाठवा."

सणगर आधी चिडला. मग त्याला हसू फुटलं, आणि ते थांबेना. हसता हसताच त्यानं माग लावला. विणताना पट्टा पुन्हा केसभर वर गेला. सवयीनं बोट धाग्यापाशी गेलं. मग त्यानं कातर उचलली आणि स्वतःच्या हातानं घोंगडी कापली. ती त्याच दिवशी घाटाकडं निघालेल्या दुसऱ्या वाटसरूबरोबर लेकीकडं गेली.

पुढं एकदा एक चोखंदळ गिऱ्हाईक आलं. घोंगडी उजेडात धरून म्हणालं, "सणगरबुवा, इथं चुकलंय."

सणगर छाती काढून म्हणाला, "चुकलंय. आणि ती पुरी झाली आहे. घ्यायची तर घ्या, नाहीतर बिनचूक घोंगडीची वाट बघत थंडीत बसा!"

गिऱ्हाइकानं वर आभाळाकडे पाहिलं आणि घोंगडी खांद्यावर टाकली.

बोध: चुकीच्या भीतीनं मागावरच राहिलेलं काम कुणालाच ऊब देत नाही, म्हणून चूक राहिली तरी काम पुरं करा, आणि हसणाऱ्यांच्या देखत ते खांद्यावर घेऊन चालू लागा.