थाळ्यांचा सडा

पाय जरा जपून टाका. कातळ ओला असला की शेवाळ डोळ्यांना दिसत नाही, पायालाच कळतं. हे जे गोल उथळ खळगे तुम्ही बघताय, त्यांना आम्ही थाळ्या म्हणतो. पावणाईच्या देवळापासून पश्चिमेच्या कड्यापर्यंत त्या ओळीनं गेल्या आहेत, पंगत मांडावी तशा. शहरातून शिकलेली माणसं येतात, वाकून बघतात, पावसाच्या पाण्यानं कातळ झिजला असं म्हणतात. झिजलाही असेल. मी या देवळाचा गुरव. माझ्या आज्यानं मला जे सांगितलं, तेवढंच मी सांगणार.

आमच्या कुवळवलीत आणखी एक गोष्ट तुमच्या ध्यानात येईल. इथं पोराला कुणी 'जेवलास का' असं विचारत नाही. शाळेत नाही, घरात नाही, वाटेवर भेटलेल्या परक्या पोरालाही नाही. दुपारी पान मांडतात आणि 'ये, बस' म्हणतात. असं का, ते या सड्यावर, या उघड्या कातळपठारावर, घडलेल्या एका दिवसामुळे, असं सांगतात.

खोतांचा अंमल होता तेव्हाची ही गोष्ट. गावात शाळा नव्हती. घाटावरून एक पंतोजी आले आणि त्यांनी देवळाच्या मंडपात मुलं बसवली. सड्याच्या चारी अंगांना उतारावर वाड्या आहेत, त्या सगळ्या वाड्यांमधून पोरं वर चढून यायची. पंतोजींनी मुलीही बसवून घेतल्या, त्याचं तेव्हा लोकांना फार नवल वाटलं होतं म्हणे. माणूस मोठा मायाळू. दुपारी खेळून पोरं परत आली, की एकेकाच्या डोक्यावरून हात फिरवून विचारायचा, जेवलास का, जेवलीस का. पोरं म्हणायची, जेवलो. मग पाट्या पुढे ओढल्या जायच्या.

जवळच्या वाडीतली पोरं दुपारी घरी पळायची. लांबची फडक्यात भाकरी बांधून आणायची आणि मंडपाच्या ओट्यावर बसून खायची. आषाढापर्यंत हे नीट चाललं. पण श्रावण आमच्याकडे कसा असतो, ते तुम्हांला बाहेरून कळायचं नाही. बघावं तिकडे हिरवं, ओहोळ भरून वाहताहेत, आणि घरातली धान्याची कणगी मात्र तळाला गेलेली. शेतातलं भात अजून पोटरीत, दाणा भरायला वेळ. त्या दिवसांत कुणाच्या चुलीवर काय शिजतंय हे शेजारणीलाही कळू द्यायचं नाही, अशी तेव्हाची रीत. ज्याच्या त्याच्या घराची अब्रू झाकणाखाली.

कुंभारवाडीच्या खालच्या अंगाला आवडी नावाची बाई राहायची. तिचा नवरा गलबतावर खलाशी. दिवाळीनंतर गेला तो परतला नव्हता, आणि तो आहे की नाही हे सांगणारंही कुणी आलं नव्हतं. घरात ती आणि तिची मुलगी तुळसा. तुळसाला अक्षरांची भारी ओढ. चुलीपुढच्या राखेतसुद्धा बोटानं गिरवत बसायची.

श्रावण लागला आणि आवडीच्या घरातलं पीठ संपलं. तिनं दोन दिवस विचार केला म्हणे. पोरीला घरी ठेवली तर गाव विचारणार, रिकाम्या हातानं पाठवली तर गाव बघणार. मग तिनं फणसाची सुकी पानं एकावर एक रचली, भाकरीएवढी गोल चवड केली आणि फडक्यात घट्ट बांधून तुळसाच्या हातात दिली. तुळसानं फडकं हातात घेतलं, तिला वजन कळलं. तसंच ते घेऊन ती शाळेला गेली.

दुपारी पोरं ओट्यावर बसली की तुळसा म्हणायची, मी तिकडे झाडाखाली बसते. म्हणायची आणि सड्यावर दूर निघून जायची. एका खळग्याशी बसायची, साठलेलं पाणी ओंजळीनं प्यायची, ढग बघायची. परत येताना तोंड पुसत यायची. पंतोजी विचारायचे. ती म्हणायची, जेवले.

गावात काही लपत नाही असं आपण म्हणतो, पण हे लपलं. खोताच्या कानावर एवढंच आलं की यंदा काही घरांत ओढाताण आहे. खोत वाईट माणूस नव्हता. त्यानं दवंडी पिटवली, की ज्याच्या घरात दाणा नाही त्यानं देवळापुढे उभं राहून चारचौघांत तसं सांगावं, मी पायली भरून तांदूळ देईन. तो सोमवारभर देवळाच्या पायरीवर बसून राहिला. पोतं तोंड उघडून ठेवलेलं. कुणी आलं नाही. सांजेला त्यानं पोतं बांधून परत नेलं आणि गावात सगळं ठीक आहे असं समजून निर्धास्त झोपला.

त्यानंतरच्याच एका दिवशी सड्यावर दाट धुक्याची धुई उतरली.

धुई आम्हांला नवी नाही. पण ती तसली नव्हती, असं सांगतात. दुपारी पोरं बाहेर पांगली आणि समुद्राकडून पांढरं काहीतरी हळूहळू वर चढून आलं. आधी कडा गेला, मग झाडं गेली, मग देवळाचा कळस. वारा पडला. पाखरं गप्प झाली. हात लांब केला तर स्वतःची बोटं दिसेनात. मंडपात जी मोजकी पोरं परतली त्यांना घेऊन पंतोजी बसले. बाकीची जेवायला घरी गेली आहेत, तिथंच थांबली असतील, असं त्यांना वाटलं. वाटणारच. रोज त्यांना तसंच सांगितलं जायचं.

दिवस कलला तरी धुई हलेना, तेव्हा आयाबाया चाचपडत वर आल्या. एक म्हणाली माझा शाळेत आहे, दुसरी म्हणाली माझीही. पंतोजी उठून उभे राहिले. त्यांचा चेहरा धुईसारखाच झाला म्हणे. पोरं घरीही नव्हती आणि शाळेतही नव्हती. आणि या सड्याला पश्चिमेला कडा आहे. तुम्ही बघितलात ना, खाली थेट समुद्र.

पुरुष हाका मारत निघाले. पण त्या धुईत आवाज भलतीकडेच जायचा. उजवीकडे हाक मारली तर डावीकडून ऐकू यायची. हाकेच्या मागं गेलेला एक माणूस कड्याच्या तोंडाशी पोहोचला, दगड सुटून खाली गेल्याचा आवाज झाला, तेव्हा तो जागीच बसला. पंतोजींनी हाका बंद करायला सांगितल्या. आपल्या हाकेनंच एखादं पोर तिकडे गेलं तर काय, असं ते म्हणाले.

खोतानं माणसांना वाड्यांच्या पाऊलवाटा धुंडाळायला सांगितलं. पोरं घरी जेवायला निघाली असतील तर वाटेवरच अडकली असणार, असा त्याचा हिशेब. माणसं निघणार, तेवढ्यात आवडी पुढे आली. आजपर्यंत ती कधी चारचौघांत बोलली नव्हती.

"वाटेवर नका बघू," ती म्हणाली. "माझी तुळसा जेवायला जात नाही. तिच्या फडक्यात भाकरी नसते. मी फणसाची पानं बांधून देते."

धुईमुळे कुणाला कुणाचा चेहरा दिसत नव्हता, आणि त्या दिवशी ते बरंच झालं, असं माझा आजा म्हणायचा. कारण थोड्या वेळानं दुसऱ्या बाजूनं एक आवाज आला. गावकरांच्या थोरल्या सुनेचा, रुक्मिणीचा. ज्या घरात पितळेच्या घागरींची उतरंड होती, त्या घरातली सून.

"माझ्या पोरालाही मी सांगितलंय," ती म्हणाली, "दुपारी घराकडे म्हणून निघ, पण घरी येऊ नको. सड्यावरच कुठं झुडपाआड बस आणि शाळेत परत जा."

मग तिसरा आवाज आला, मग आणखी एक. कोण बोलतंय ते दिसत नव्हतं. धुईच बोलते आहे असं वाटत होतं. खोत पायरीवर खाली बसला.

पुढे काय करायचं हेही आवडीनंच सांगितलं, असं म्हणतात. हाक फसवते, पण भुकेल्या पोराला अन्नाचा वास फसवत नाही. कड्यापासून लांब, देवळापुढंच चूल मांडा, म्हणजे पोरं कड्याकडे न जाता इकडे वळतील. वाडीवाडीतून बायका खाली गेल्या आणि जे होतं ते घेऊन आल्या. कुणी ओटीत मूठभर कण्या आणल्या, कुणी कुळथाचं पीठ, कुणी लसणीचा गड्डा. एका बाईकडे काहीच नव्हतं, तिनं माळ्यावरची कोरडी लाकडं आणली. खोतानं स्वतःच्या पाठीवर पोतं आणलं, तेच, सोमवारी बांधून नेलेलं. देवळातलं मोठं तपेलं मांडलं. आणि पुरुषांनी कड्याच्या काठानं हातात हात धरून साखळी केली, म्हणजे चुकलेलं पोर आलंच तर माणसाच्या अंगावर येईल, कड्यावर जाणार नाही. त्या साखळीत गावकराशेजारी कुंभार होता आणि कुंभाराशेजारी खोत.

भात रटरटायला लागला. आवडीनं कुळथाच्या पिठीला लसणीची फोडणी दिली. वारा नव्हता, तरी तो वास चालत गेला, असं सांगतात. जणू धुईत कुणीतरी तो ओंजळीत धरून दारोदार नेत होतं.

आधी एक मुलगा आला. धुईतून नुसते त्याचे पाय दिसले, मग तो. मग दोघी बहिणी. मग रुक्मिणीचा पोरगा. जो येई तो चुलीपाशी येऊन उभा राही आणि बाजूला उभ्या दुसऱ्याकडे नवलानं बघे. एवढे दिवस त्या एकाच सड्यावर, हाकेच्या अंतरावर, प्रत्येक जण वेगवेगळ्या झुडपाआड उपाशी बसत होता, आणि आपण एकटेच आहोत असं प्रत्येकाला वाटत होतं. केळीची पानं मांडली. ती पुरेनात. पोरं येतच राहिली. मग बायकांनी कातळावरचे खळगे पावसाच्या पाण्यानं धुतले आणि त्यांतच वाढायला सुरुवात केली.

तुळसा आली नव्हती. आवडी वाढत होती आणि धुईकडे बघत होती. तपेलं तळाला आलं. दुसऱ्या बायका तिला बस म्हणाल्या, ती बसली नाही. शेवटी अगदी कड्याच्या अंगानं, माणसांच्या साखळीखालून वाकून, तुळसा आली. तिनं एका लहानग्याचा हात धरला होता. ते पोर कुणाचं, हे कुणालाच ओळखू येईना.

आवडीनं तिला जवळ ओढलं नाही, ती रडलीही नाही. ती नुसती बघत राहिली. आणि तुळसानं सवयीनं, पंतोजींना सांगायची तसंच सांगितलं.

"जेवले मी, आई."

"हो," आवडी म्हणाली. "मी नाही जेवले. माझ्याबरोबर बस."

दोघी एकाच खळग्याशी बसल्या. ते लहानगंही त्यांच्या मांडीला टेकून बसलं. पंतोजी तिथंच उभे होते. त्यांनी धोतराचा सोगा डोळ्यांना लावला आणि पुढं जन्मभर त्यांनी तो प्रश्न कुणाला विचारला नाही.

पोरं जेवत होती तेव्हा पंगत कुठपर्यंत गेली आहे ते धुईमुळे दिसत नव्हतं. वाढणाऱ्या बायका पुढे पुढे जात होत्या आणि पुढे पुढे लहान हात दिसत होते. मग चंद्र वर आला आणि धुई जशी आली तशीच समुद्रात उतरून गेली. तेव्हा बघितलं तर शाळेची सगळी पोरं देवळाच्या अंगाला बसलेली. आणि त्यांच्या पलीकडे, कड्यापर्यंत, खळग्यांची रांग. तिथं कुणीच नव्हतं, पण सगळे खळगे पुसून चाटून स्वच्छ झालेले. तुळसाबरोबर आलेलं ते लहानगंही नव्हतं. कुणी म्हणतं, ती मागच्या मागच्या श्रावणांतली पोरं, ज्यांना कुणी हाक मारली नव्हती. माझा आजा याबद्दल काही सांगत नसे. तो म्हणायचा, जेवली ना, मग पुरे.

त्या रात्री गावानं पावणाईपुढे नारळ ठेवला आणि शब्द दिला. सड्यावर आलेल्या पोराला काही विचारायचं नाही, पान मांडायचं. खोत म्हणाला, माझं पोतं देवळात राहील, पण ते माझं म्हणून राहणार नाही. मग एक मोठा रांजण ठेवला आणि त्याच्या तोंडावर कापड बांधलं. प्रत्येक घरानं सोमवारी यायचं, मूठ कापडाखाली घालायची, आत सोडायची आणि निघायचं. ज्याच्याकडे आहे त्यानंही यायचं, ज्याच्याकडे नाही त्यानंही. रिकामी मूठसुद्धा कापडाखाली मुठीसारखीच दिसते. ज्याला न्यायचं असेल त्यानंही तशीच मूठ घालायची, तशीच काढायची.

आवडीचा नवरा आला की नाही, ते गोष्टीत नाही. तुळसा पुढे मंडपात धाकट्या पोरांना अक्षरं शिकवायची, एवढं सांगतात.

आता शाळा पत्र्याची झाली आहे, तांदूळ सरकारचा येतो, गॅसवर खिचडी शिजते. दोन बायका पगारावर स्वयंपाक करतात. तरी आजही सोमवारी वाड्यांमधून माणसं वर येतात. रांजण तोच आहे, कापड दरवर्षी नवं. त्यातलं धान्य सुट्टीच्या दिवसांत आणि आजारी पोरांच्या घरी जातं. मागच्या पावसात खाली रस्त्याचं काम चाललं होतं, त्यावरची कुटुंबं पालं टाकून राहिली होती. त्यांची पोरं पहिल्या दिवशी फाटकापाशी थांबली. स्वयंपाकाच्या बाईंनी ताटं उचलली आणि फाटकापर्यंत जाऊन मांडली. पंगत त्या दिवशी अंगणातून रस्त्यावर गेली.

पुढच्या सोमवारी त्या पोरांच्या आया देवळात आल्या. भाषा आमची नाही, कुणी त्यांना काही सांगितलं नव्हतं. रांगेत उभ्या राहिल्या, मूठ कापडाखाली घातली, बाहेर काढली. मी पायरीवरच बसलो होतो. मी समुद्राकडे बघत होतो.