चाळण झालेली घागर

गोजराबाईंनी परसात मेथी पेरली, पण पाणी होतं ते कुंपणाला लागून असलेल्या इनामदारांच्या हौदात. त्या मागायला गेल्या, तेव्हा इनामदारांनी बुडाची चाळण झालेली घागर पुढे केली. "पाणी हवं तेवढं ने, पण याच घागरीतून." ओटीवरची माणसं हसली. गोजराबाईंनी घागर उचलली.

पंधरवड्याने कुंपणापलीकडे मेथी तरारलेली दिसली. इनामदारांनी दरडावलं, "घागर बदललीस ना?"

"नाही मालक, तुमचीच आहे. हौदात बुडवते आणि तशीच वाफ्यांवरून फिरवते. कोवळ्या रोपांना बारीक धारच लागते. झारी विकत घेणं मला परवडत नव्हतं, ती तुम्ही फुकट दिलीत. अशी आणखी एखादी असेल तर बघा, शेजारणीनेही वांगी लावलीत."