कोकराची झूल आणि गिरणीची गाडी

एका माळावर लोकरीची गिरणी होती. गिरणीची एक आगगाडी होती. इंजिन एक, डबे दोन. वेळापत्रकही होतं. ते गाडीनं कधी वाचलं नव्हतं.

माळावर एक कोकरू होतं. त्याची पहिली लोकर कातरली. कच् कच् कच्. लोकर गिरणीत गेली. कोकरू उरलं. एवढंसं.

कोकरानं पाण्यात पाहिलं. "मला वाटायचं, मी केवढं गुबगुबीत! ती सगळी लोकरच होती. मी तर सोललेला बटाटा."

त्याला थंडी वाजली. हुडुहुडुहुडु.

पहिली लोकर देणाऱ्या कोकराला गिरणी एक झूल देते, अशी तिथली रीत होती. कोकरू निघालं. टुपुक टुपुक.

मागावर हैबतीमामा बसला होता.

"मामा मामा, झूल विण.
झूल मिळाली की मी बटाटा दिसणार नाही."

मामा म्हणाला, "सूत मिळू दे, मग विणतो."

टुपुक टुपुक. सूत कातायला गजरामावशी होती.

"मावशी मावशी, सूत कात.
सूत मिळालं की मामा झूल विणेल.
झूल मिळाली की मी बटाटा दिसणार नाही."

मावशीचं चक्र गप्प उभं होतं. "वाफ मिळू दे, मग कातते."

टुपुक टुपुक. बॉयलरपाशी रहिमानचाचा होता.

"चाचा चाचा, वाफ दे.
वाफ मिळाली की मावशी सूत कातेल.
सूत मिळालं की मामा झूल विणेल.
झूल मिळाली की मी बटाटा दिसणार नाही."

चाचा म्हणाला, "कोळसा मिळू दे, मग देतो."

कोळसा गाडीत. गाडी वाटेत. कोकरू रुळावरून निघालं. रूळ उन्हानं कोमट झाला होता. पायांना बरं वाटलं.

समोरून गाडी आली. झुक झुक झुक... झुक. थांबली.

मला पाहून थांबली, असं कोकराला वाटलं. बटाट्यालाही मान असतो तर!

इंजिनात दौलतकाका होता.

"काका काका, कोळसा आण.
कोळसा मिळाला की चाचा वाफ देईल.
वाफ मिळाली की मावशी सूत कातेल.
सूत मिळालं की मामा झूल विणेल.
झूल मिळाली की मी बटाटा दिसणार नाही."

काका फक्त निशाण बघायचा. कोकरं बघणं त्याच्या कामात नव्हतं.

"लाल निशाण आहे. हिरवं मिळू दे, मग आणतो."

टुपुक टुपुक, कोमट रुळावरूनच मागे. फाटकात ठकूआजी उभी होती. हातात लाल निशाण.

"आजी आजी, हिरवं निशाण दाखव.
निशाण मिळालं की काका कोळसा आणेल.
कोळसा मिळाला की चाचा वाफ देईल.
वाफ मिळाली की मावशी सूत कातेल.
सूत मिळालं की मामा झूल विणेल.
झूल मिळाली की मी बटाटा दिसणार नाही."

आजी म्हणाली, "रुळावर कुणीतरी उभं आहे. ते हलू दे, मग दाखवते."

कोकराला रागच आला. असं बावळट कोण? त्यानं इकडे पाहिलं. तिकडे पाहिलं. मग खाली पाहिलं.

चार खूर. चारही रुळावर. चारही आपलेच.

"आजी, ते बावळट माझ्या ओळखीचं आहे," कोकरू म्हणालं. आणि टुणकन बाजूला झालं.

आजीनं हिरवं निशाण दाखवलं.
काकानं कोळसा आणला.
चाचानं वाफ दिली.
मावशीनं सूत कातलं. घुर्र घुर्र.
मामानं झूल विणली. खटाखट खटाखट.

झूल पाठीवर आली. थंडी पळाली. कोकरानं आईला सगळं सांगितलं, रुळाचंसुद्धा. आई हसली. कोकरू आईपेक्षा मोठ्यानं हसलं.

गाडी गेली धाडधाड,
कोकरू झोपलं गाढ गाढ.